आजोबांचा व्हॉल्व्ह रेडिओ: नुसती घरघर

माळ्यावरून काढून लावला, व्हॉल्व्ह पेटतात पण स्टेशन नाही, नुसती घरघर आणि ईएल84 च्या (स्पीकर चालवणारा शेवटचा व्हॉल्व्ह) आतला पत्रा लालसर होतोय. पहिल्यांदाच करतोय, काय बघू?

— आधी प्लग काढ रे! इतकी वर्षं पडून असलेला सेट थेट 230 व्होल्टला लावायचा नसतो, 60 वॅटचा साधा पिवळा बल्ब (तारेचा, एलईडी नव्हे) सिरीजमध्ये टाक, म्हणजे वीज बल्बातून सेटकडे जाईल. घरघर म्हणजे बहुतेक फिल्टर कंडेन्सर (सेटची डीसी वीज गुळगुळीत करणारे) सुकलेत, आणि हात घालायच्या आधी ते डिस्चार्ज कर, म्हणजे साठलेली वीज काढून टाक, बंद सेटमध्येही 250 व्होल्ट राहतात.

— लाली म्हणजे कपलिंग कंडेन्सर (आधीच्या व्हॉल्व्हचा फक्त आवाजाचा सिग्नल पुढे देणारा, डीसी अडवणारा) लीक. ईएल84 च्या पिन 2 ला (सिग्नल आत येतो ती) मीटर लाव, प्लस व्होल्टेज दिसलं की तो बदलच.

— काका, 11 व्होल्ट आले! 0.01 मायक्रोफॅरडचा नवा 630 व्होल्टवाला टाकला, लाली गेली, घरघरीतून बारीक गाणं ऐकू आलं, आजी धावत आली. उद्या फिल्टर आणतो.