बी.एस्सी. नर्सिंगनंतर विशेष शाखा केव्हा निवडावी?

प्रश्न

नमस्कार. बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून मी नुकतीच महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केली असून नाशिकमधील एका खासगी रुग्णालयाच्या मेडिकल वॉर्डात रुजू झाले आहे. अभ्यासाची सवय मोडण्याआधी एम.एस्सी. करून टाकावी, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मला अतिदक्षता विभाग आणि नवजात शिशू कक्ष या दोन्हींची ओढ आहे. पण विद्यार्थिदशेतल्या थोड्याशा पोस्टिंगवरून शाखा ठरवायला मन धजत नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी बी.एस्सी.नंतर किमान 1 वर्षाचा कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे हे वर्ष तुम्हाला मिळणारच आहे. ते जनरल वॉर्डातच काढावे, असे मी आग्रहाने सांगेन. जिथे प्रत्येक खाटेशी मॉनिटर नसतो, तिथे रुग्णाचा श्वास वाढला आहे, लघवी कमी झाली आहे, सकाळी नीट बोलणारे आजोबा दुपारी असंबद्ध बोलत आहेत, हे सिस्टरच्याच नजरेने टिपावे लागते, आणि ही नजर तयार झाल्यावर अतिदक्षता विभागात गेलेली परिचारिका यंत्राच्या आकड्यांआधी रुग्णाकडे पाहते.

त्यानंतर दोन्ही विभागांत काही महिने बदली मागून घ्या. नवजात कक्षात एक किलोच्या बाळाचे प्रतिजैविक वजनावरून मोजताना दशांशचिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते. म्हणून तो हिशेब दोघींनी स्वतंत्रपणे करायचा असतो. हा बारकावा रात्रपाळीच्या शेवटच्या तासालाही कंटाळवाणा वाटत नसेल, तर ती शाखा तुमची आहे. अतिदक्षतेत व्हेंटिलेटरइतकेच सक्शन (श्वासमार्गातील स्राव नळीने ओढून काढणे), दर दोन तासांनी कूस बदलणे आणि बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांशी बोलणे असते. तेही आवडायला हवे.

प्रतिसाद 2

मी नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. वरील मताशी सहमत आहे, फक्त अभ्यासक्रमांबाबत थोडी भर घालते. एम.एस्सी. 2 वर्षांची असते आणि तिथे नवजात परिचर्या बालआरोग्याच्या, तर अतिदक्षता मेडिकल-सर्जिकलच्या शाखेत मोडते. शिकवण्याची इच्छा असेल तर एम.एस्सी. अवश्य करावी. रुग्णाच्या खाटेशीच राहायचे असेल, तर 1 वर्षाची पोस्ट बेसिक पदविका (मूळ नर्सिंग शिक्षणानंतर एकाच विशेष विषयात घेतली जाणारी) अधिक उपयोगी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. अतिदक्षतेची ओढ टिकली, तर त्या विषयातील नर्स प्रॅक्टिशनरचा (अधिक जबाबदारीने रुग्ण तपासणाऱ्या प्रगत परिचारिकेचा) 2 वर्षांचा निवासी अभ्यासक्रमही आहे. कुठेही प्रवेश घेताना संस्था भारतीय परिचर्या परिषदेच्या मान्यता यादीत आहे का, हे पाहावे, आणि सध्याच्या रुग्णालयाने मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली असल्यास ती परत मिळण्याच्या अटी आजच लेखी मागून घ्याव्यात.