रिपोर्टमध्ये सेरोटोनिन रिसेप्टरचा जीन 'रिस्की' आलाय, म्हणजे मला डिप्रेशन होणारच का?

निशिगंध:
आईला बरीच वर्षं डिप्रेशन आहे, मावशीलाही होतं. म्हणून मी जेनेटिक टेस्ट केली तर एचटीआर१ए जीनपुढे लाल खूण, आरएस६२९५, जीजी, आणि खाली 'धोका जास्त'. काल रात्री तेच पान परत परत उघडत होते. आता जरा उदास वाटलं तरी पोटात गोळा येतो, झाली का सुरुवात म्हणून. कुणाला यातलं कळत असेल तर प्लीज सांगा.

पाऊलवाट:
ताई, आधी ते जीजी काय आहे ते बघू. सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन. ते सोडणाऱ्या पेशींवर एचटीआर१ए जीनपासून बनणारे हे १ए रिसेप्टर ब्रेकसारखे असतात, सेरोटोनिन वाढलं की पेशीला गप्प करतात. तुमची ती आरएस६२९५ जागा जीनच्या तोंडाशी आहे, जिथून तो किती चालणार ते ठरतं. तिथे डीएनएचं अक्षर सी असेल तर एक प्रोटीन येऊन चिकटतं आणि जीनला दाबून ठेवतं, जी असेल (तुमच्या दोन्ही प्रतींत जी, म्हणून जीजी) तर ते नीट चिकटत नाही, म्हणून ब्रेक जास्त तयार होतात असं २००३ साली मांडलं गेलं. ऐकायला अगदी पटतं हो, पण तेव्हाचे अभ्यास छोटे होते, एकात संबंध दिसायचा, दुसऱ्यात गायब. मग २०१९ मध्ये डिप्रेशनचे म्हणून गाजलेले १८ जीन लाखो लोकांच्या डेटावर तपासले, सेरोटोनिनवालेही त्यात होते, आणि ते बाकी कुठल्याही जीनपेक्षा वरचढ निघाले नाहीत. इतकं होऊनही लोकांना असे लाल रिपोर्ट दिले जातात याचा मला खरंच राग येतो.

शेवंती:
+१. पण घराण्यात आहे ही गोष्ट मात्र सोडून देऊ नका. जुळ्यांच्या अभ्यासांत डिप्रेशनमधला आनुवंशिक वाटा साधारण ३७ टक्के येतो, फक्त तो शेकडो-हजारो जागांवर चिमूटभर चिमूटभर विखुरलेला आहे, एका अक्षरात नाही. डॉक्टरांना आई आणि मावशीचं सांगा, ते या रिपोर्टपेक्षा जास्त कामाचं आहे.

निशिगंध:
बाप रे, किती हलकं वाटतंय. अजून एक, आईला गोळ्या सुरू केल्या तेव्हा तीन आठवडे ढिम्म फरक नव्हता, आम्ही बंदच करणार होतो. ते पण या ब्रेकमुळे का?

पाऊलवाट:
एक कारण तेच मानतात. गोळीने सेरोटोनिन वाढलं की आधी ब्रेक लागतो, आठवडे गेले की ते रिसेप्टर सुस्त होतात आणि पेशी पुन्हा चालू लागतात. बंद केल्या नाहीत ते फार बरं केलंत. आणि उद्या कुणी एचटीआर२ए, म्हणजे दुसऱ्या एका सेरोटोनिन रिसेप्टरचा जीन, बघून गोळी बदलू म्हणालं तर थांबा, २०२३ च्या औषध-जनुक गाइडलाइनमध्ये त्यावरून औषध ठरवायची शिफारस नाहीये. लिव्हरमध्ये औषधं पचवणारे सीवायपी२डी६ आणि सीवायपी२सी१९ यांच्या जीनचं वेगळं, त्यावरून काही गोळ्यांचा डोस खरंच बदलतात, पण तेही डॉक्टरांनीच बघायचं.