डोहाळजेवणाला वेगळी ताटं-वाट्या, बेळगावात काय करता येईल?

टिळकवाडीकर: वहिनीचं डोहाळजेवण हाय, पन्नासेक माणसं. हल्ली हॉटेलात छोट्या बादलीत फ्राईज, खेळण्यातल्या ट्रकवर स्टार्टर असलं देतात की, तसं काहीतरी करावं म्हणतोय पण आपल्या मातीतलं पाहिजे. झुरिकमध्ये 1999 पासून पूर्ण अंधारात जेवायचं हॉटेल आहे, तेवढं नको, आमच्याकडं म्हातारी माणसं हायत.

खानापूरची लेक: मातीची भांडी घ्या की वो, खानापूरला सोडून दुसरीकडं कशाला जाताय! फक्त बिनग्लेजची असली तर आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर कोरी माती रस्सा शोषते आणि तेलाचा डाग मग जात नाही. दही मात्र त्यात लावाच, जादा पाणी माती ओढून घेते, कवडी पडते नुसती.

निपाणीकर: पितळी वाट्या काढणार असाल तर आधी कल्हई बघा. कल्हई गेलेल्या वाटीत सोलकढी, ताक, आमटी काहीही आंबट ओतलं की कळकतं, गरोदर बाईला तर अजिबात नको. त्यापेक्षा पळसाच्या पत्रावळी बेस्ट, पण पातळ आमटीला द्रोण दोन-दोन एकात एक घाला.

खानापूरची लेक: आणि मांडे करणारी बाई मिळाली तर तिथंच चूल मांडा, उपड्या तापलेल्या खापरावर ती हातावरचा मांडा कसा टाकते ते बघायलाच सगळी गोळा होतात, ट्रक-बिकची गरजच नाही.

टिळकवाडीकर: मांडे फायनल! बाई कुणाच्या ओळखीची असेल तर सांगा.