लॅपटॉपची बॅटरी फुगली आहे: कोणती घ्यावी, कुठून बदलून घ्यावी? (ठाणे / नवी मुंबई)

ऐरोलीकर

मंडळी, सल्ला हवा आहे. लॅपटॉप एचपी १५एस, विंडोज ११, वॉरंटी संपलेली. टचपॅडचं डावं बटण दाबलं जात नाही. खालचं झाकण मधोमध वर आलंय, त्यामुळे टेबलावर ठेवला की डगमगतो. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची) ४१,०४० आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ताची) २३,१५० मिलीवॅट-अवर दिसते. एका दुकानदाराने "ओरिजिनलसारखीच" बॅटरी सुचवली आहे, पण ती नक्की कुठली ते सांगत नाही. ऑनलाइन मागवून घरी बदलता येईल का? दुकानात द्यायचा तर ठाणे किंवा वाशी, दोन्ही चालेल. तोपर्यंत रोजचं काम यावरच केलं तर चालेल का?

पानापक्कड

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही, असा वापरू नका. क्षमता ५६ टक्क्यांवर आली हे दुय्यम आहे. नुसती दमलेली बॅटरी काही महिने ओढता येते, फुगलेली मात्र एक दिवसही चार्जिंगला लावू नये. आतलं इलेक्ट्रोलाइट (रासायनिक द्रव) विघटित होऊन वायू साठलेला असतो आणि डिस्चार्ज केल्याने तो जिरत नाही. झाकण दाबून बसवू नका, त्यावर वजन ठेवू नका. आणि टाचणीने वायू काढायचा प्रकार तर अजिबात नको. पाऊचच्या, म्हणजे सेलच्या मऊ पिशवीसारख्या आवरणाच्या, आत धन आणि ऋण थर पातळ पडद्याने वेगळे ठेवलेले असतात, टाचणी ते थर एकमेकांना जोडते आणि जागेवर पेट घेते.

आत्ता एवढं करा. चार्जर काढा, लॅपटॉप मोकळ्या लादीवर ठेवा आणि समोर बसून चार्ज २५ टक्क्यांच्या खाली उतरू द्या. चार्ज जितका कमी, तितकं काही बिघडलं तर नुकसान कमी. मग शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. नुसतं शटडाउन केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही.

काम अडत असेल तर बॅटरी काढून नुसत्या अ‍ॅडॅप्टरवर हा लॅपटॉप चालतो. वीज गेली किंवा पिन हलली की तत्क्षणी बंद पडेल, म्हणून फाइल सेव्ह करत राहा.

मिलीअँपियर

बॅटरी लॅपटॉपच्या नावावरून कधीच घेऊ नका. "१५एस" नावाखाली एचपीने बरीच मॉडेलं काढली आहेत. पार्ट नंबर बॅटरीच्या लेबलवर असतो. न उघडता हवा असेल तर लॅपटॉपच्या तळाचा सिरियल नंबर एचपीच्या पार्टसर्फर साइटवर टाका, स्पेअर पार्टची यादी येते. तुमचा डिझाइन आकडा पाहता एचटी०३एक्सएल असण्याची दाट शक्यता आहे, तरी लेबल पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

लेबलवर तीन गोष्टी जुळवा: पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॅट-अवर. मिलीअँपियर-अवर (एमएएच) पाहून फसायला होतं. ११.५५ व्होल्टची ३,६०० एमएएचची बॅटरी आणि ७.७ व्होल्टची ५,४०० एमएएचची बॅटरी, दोन्हींत ऊर्जा सारखीच, साधारण ४१.६ वॅट-अवर. दुसरीचा आकडा मोठा दिसतो म्हणून ती दणकट ठरत नाही, आणि तुमच्या लॅपटॉपला ती चालणारही नाही, कारण तिच्यात तीनऐवजी दोनच सेल सिरीजमध्ये (एकापुढे एक जोडलेले) आहेत. एकाच पार्ट नंबरखाली ११.४ आणि ११.५५ असा किरकोळ फरक दिसला तर काळजी नको. पण लेबलवर ११.१ छापलं असेल तर सेल जुन्या प्रकारचे असतात. ते ४.२ व्होल्टपर्यंतच चार्ज करायचे, तर ११.५५ च्या पॅकमधले ४.४ पर्यंत जातात. असा पॅक नको.

"ओरिजिनलसारखी" म्हणजे कंपॅटिबल. कंपॅटिबल घेणं गैर नाही, पण मग बनवणाऱ्याचं नाव, बनल्याची तारीख आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक लेबलवर हवा. लिथियम बॅटरीला आयएस १६०४६ या भारतीय मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे. "आर-" आणि पुढे आठ आकडे असा तो क्रमांक असतो. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आणि कशासाठी आहे ते दिसतं. क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर बॅटरी परत करा. तारीख एक-दीड वर्षाहून जुनी असेल तरी नको, पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते.

आणखी एक साधी परीक्षा वजनाची. जुनी आणि नवी दोन्ही स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. क्षमता तेवढीच सांगून नवी बरीच हलकी भरली तर आत सेल लहान घातले आहेत. मल्टिमीटरवर मात्र विसंबू नका. बऱ्याच पॅकच्या पिनांवर लॅपटॉपला जोडेपर्यंत शून्य व्होल्ट दिसतात.

नौपाडकर

घरी बदलणं जमण्यासारखं आहे, पण फुगवटा खूप असेल तर नको. झाकण उचकटताना हत्याराचं टोक पाऊचला लागण्याचा धोका वाढतो. थोडा असेल तर असं करा.

आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कुठेतरी लिहून ठेवा. बायोसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंग पुसल्या गेल्या तर विंडोज ती मागू शकतं, आणि ऐनवेळी ती दुसऱ्या कुठल्या लॅपटॉपवर शोधत बसावी लागते.

पीएच० (लहान फुलीच्या) टोकाचा स्क्रू ड्रायव्हर आणि प्लास्टिकची पट्टी लागेल. लोखंडी पातं नको. एचपीच्या बऱ्याच १५ इंची मॉडेलांत काही स्क्रू तळाच्या रबरी पट्ट्यांखाली दडलेले असतात. झाकण हलत नाही म्हणून जोर लावण्याआधी त्या पट्ट्या हलक्या हाताने सोलून पाहा. बहुतेक क्लिप तिथेच तुटतात. स्क्रूंची लांबी सारखी नसते. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर चिकटपट्टीने लावा. बिजागरीजवळचा लांब स्क्रू पुढच्या बाजूला गेला तर हात टेकायच्या पृष्ठभागावर आतून टेंगूळ येतं किंवा बोर्डाला भोक पडतं.

झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. मॉडेलनुसार तो केबलचा असेल किंवा बॅटरीच्या कडेलाच असेल. केबल असली तर वायर धरून ओढू नका, कनेक्टरच्या दोन्ही कानांना पट्टीने आळीपाळीने थोडं थोडं सरकवा. सुटल्यावर पॉवर बटण १५ सेकंद दाबून ठेवा, उरलेली वीज निघून जाते. मग बॅटरीचे स्क्रू काढा आणि ती न वाकवता सरळ वर उचला.

नवी बसवल्यावर लॅपटॉप सुरू झाला नाही तर घाबरू नका. कारखान्यातून बॅटरी झोपवून पाठवतात. चार्जर लावला की जागी होते. तारीख-वेळ चुकली असेल, ती नीट करून घ्या.

तलावपाळी

दुकानाचं नाव घेण्यापेक्षा कुठे काय मिळतं ते सांगते. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने दोन्हीकडे सोपं पडतं. वाशीत स्टेशनसमोर आणि सेक्टर १७, ठाण्यात नौपाड्यात गोखले रोडचा परिसर. पार्ट नंबर सांगून आधी फोन करा, कारण हाताशी माल क्वचित असतो, बरेच जण मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, मागवतात. तिथे स्वतः जायचं तर दादरला वेस्टर्न पकडून ग्रँट रोडला उतरा. ओरिजिनलच हवी असेल तर एचपीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सिरियल नंबर देऊन लेखी कोटेशन घ्या.

दुकानात तीन अटी घाला: काम समोर करायचं, जीएसटी बिलावर पार्ट नंबर आणि बॅटरीची वॉरंटी लिहायची, जुनी बॅटरी आपल्याला दाखवायची. अर्ध्या तासाचं काम आहे. "ठेवून जा, संध्याकाळी या" म्हणाले तर दुसरं दुकान गाठा.

आणि कृपा करून सकाळच्या ठाणे-वाशी गर्दीत हा लॅपटॉप सॅकमध्ये घालून नेऊ नका. दाब पडणं हेच त्याला सगळ्यात घातक. बॅटरीचा चार्ज उतरवून, दुपारच्या रिकाम्या गाडीने किंवा रिक्षाने न्या आणि मांडीवर आडवा धरा.

ऐरोलीकर

सर्वांचे आभार, पार्टसर्फरवर एचटी०३एक्सएलच निघाली. एक शंका: दुसरा एक दुकानदार म्हणतो, जुन्याच पॅकमध्ये नवे सेल टाकून निम्म्या किमतीत देतो. आणि काढलेल्या बॅटरीचं काय करायचं?

मिलीअँपियर

सेल बदलून घेऊ नका. पॅकमधल्या सर्किटमध्ये चार्जचा हिशोब ठेवणारी गेज चिप असते. सेल सुटले की काही चिप कायमच्या लॉक होतात आणि लॅपटॉप चार्जिंग नाकारतो. लॉक झाली नाही तरी जुन्या सेलचा हिशोब तिच्या डोक्यात तसाच राहतो, म्हणून ४० टक्के दाखवत अचानक बंद पडतो. शिवाय पाऊच सेलच्या पातळ टॅबवर हाताने डाग देताना उष्णता आत जाते, आणि तीन सेल एकमेकांशी जुळलेले नसतील तर एक सतत जास्त चार्ज होत राहतो.

तलावपाळी

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती चिरडली की आग लागते, आणि तिथे माणसं काम करत असतात. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी द्यायची असते. कनेक्टरच्या पिनांवर चिकटपट्टी लावा, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा, डब्याचं झाकण घट्ट लावू नका. डबा बाल्कनीत, ऊन आणि पाऊस दोन्हींपासून आडोशाला. मग सर्व्हिस सेंटर किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. देताना "फुगलेली आहे" हे आवर्जून सांगा.

पानापक्कड

नवी बसली की पहिल्यांदा १०० टक्के चार्ज करा, १० पर्यंत उतरवा, पुन्हा पूर्ण चार्ज करा आणि बॅटरी रिपोर्ट काढा. फुल चार्ज कपॅसिटी डिझाइनच्या ९५ टक्क्यांच्या पुढे हवी. सायकल काउंटही (किती वेळा चार्ज झाली तो आकडा) बघा, पण नकली पॅकमध्ये तो आकडा शून्य करून ठेवता येतो, तेव्हा भरवसा कपॅसिटीवर ठेवा. कमी भरली तर परत करायची मुदत संपायच्या आत दुकान गाठा.

दिवसभर चार्जर लावून काम करत असाल तर एफ१० दाबून बायोसमध्ये जा आणि बॅटरी हेल्थ मॅनेजर किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह बॅटरी ऑप्टिमायझर, मॉडेलमध्ये जे असेल ते चालू करा. सतत १०० टक्क्यांवर राहणं आणि त्यात आपल्याकडच्या एप्रिल-मेचा उकाडा, फुगण्याची ही दोन मुख्य कारणं. उशीवर किंवा गादीवर ठेवून चार्जिंग करू नका, तळाच्या जाळ्या बंद होतात.