हलकी, मोठ्या डोक्याची टेनिस रॅकेट: तुमचे अनुभव सांगा

सायली_स

काल शेजारच्या कोर्टवर एक काकू एकट्याच भिंतीवर मारत होत्या. हातात जुनी, भल्या मोठ्या डोक्याची रॅकेट. मी आवाजावरूनच थांबले. मोठ्या फ्रेमच्या लांब तारांचा तो घुमणारा आवाज, आणि एकदम बाबा आठवले.

बाबा लाकडी रॅकेटवर शिकलेले. म्हणजे ६५-७० चौरस इंचांचं डोकं (तारांचा भाग) आणि वजन पावणेचारशे ग्रॅमच्या आगेमागे. पन्नाशीनंतर खांदा कुरकुरायला लागला तेव्हा त्यांच्या डबल्सच्या जोडीदाराने त्यांच्या हातात ११० चौरस इंचांची हलकी रॅकेट ठेवली. सुरुवातीला एकेक बॉल थेट मागच्या जाळीवर! मग त्यांनी हात मागे नेणं निम्म्यावर आणलं, ग्रिप सैल धरायला लागले, आणि बॉल आत पडायला लागले. पुढे कित्येक वर्षं ते तीच घेऊन खेळले. आई म्हणायची, ही रॅकेट मिळाली नसती तर या माणसाने घरात बसून आम्हाला सळो की पळो करून सोडलं असतं.

मी स्वतः १०० ची, ३०० ग्रॅमची वापरते. धाकट्याच्या जन्मानंतर परत सुरू केलंय आणि दुसऱ्या सेटमध्ये हात जड होतो, म्हणून हलकीकडे वळायचा विचार आहे. ज्यांनी वापरली आहे त्यांनी लिहा. व्हॉली (टप्पा पडण्याआधीचा फटका), सर्व्ह, रिटर्न, कोपर, काहीही चालेल.

बेसलाइनवाला

घे. विचार करत बसू नकोस.

मृद्गंध

मशीन लावून आलेय, कपडे होईपर्यंत लिहिते.

माझी ११० ची आहे, तारांसकट अडीचशे ग्रॅमच्या आसपास. नेटवर राणी आहे राणी. समोरून अंगावर आलेला बॉल, हात पुढे केला की झालं. मागे न्यायचंच नाही. डोकं रुंद असल्यामुळे कडेला लागलेला बॉलसुद्धा पलीकडे जातो, मनगटात रॅकेट फिरत नाही. आमच्या ग्रुपमध्ये मी सगळ्यात बुटकी, आणि लॉब (डोक्यावरून उंच मारलेले बॉल) सोडले तर नेटवर माझ्याकडे बॉल मारायला कुणी धजत नाही.

पण नाजूक काम अवघड. ड्रॉप व्हॉली, म्हणजे नेटजवळच हळूच टाकलेला बॉल, हातभर उंच उडते आणि समोरची बाई आरामात पोचते. त्यासाठी पकड अगदी लोण्यासारखी मऊ ठेवावी लागते. तेवढं जमवलं की मजा आहे.

मशीन वाजलं. पळते.

कोपरकाका

सायली, वडिलांबद्दल वाचून बरं वाटलं. आमच्या पिढीतल्या अनेकांची हीच कथा.

पण एक सावधगिरीचा शब्द. हलकी म्हणजे हाताला सोपी, हे पूर्ण खरं नाही. उचलायला सोपी, हे खरं. बॉल लागतो तेव्हा धक्का कुणीतरी घ्यायचाच असतो. रॅकेटला वजन असेल तर ती घेते, नसेल तर तो कोपराकडे येतो. त्यात या हलक्या फ्रेम जाड आणि कडक असतात, वाकत नाहीत. माझं टेनिस एल्बो अशाच रॅकेटने वाढलं. हाताच्या बाहेरच्या बाजूला, कोपराच्या हाडाशी जो स्नायुबंध चिकटतो तिथे. दाराची कडी फिरवतानासुद्धा कळ यायची. शेवटी फिजिओने रॅकेट हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, काका, ग्रिप इतकी घट्ट का आवळता? हलकी रॅकेट हातात डगमगते म्हणून आपण आपोआप आवळतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

एकहाती बॅकहँड असेल तर फार जपून. उशिरा लागला की सगळा भार कोपरावर.

सायली_स

@कोपरकाका, माझा दोन हाती आहे. पण ग्रिप आवळायची सवय आहे खरी. आता बरंय ना कोपर?

कोपरकाका

बरंय. मऊ तार घातली, थोडं वजन चढवलं, व्यायाम चालू आहे. कडी फिरवता येते!

गटिंगवाला

हौशी आहे, पण घरी मशीन आहे, मित्रांच्या रॅकेटना गटिंग, म्हणजे तारा घालून देतो. म्हणून माझ्या बाजूने दोन शब्द.

मोठ्या डोक्यात तार लांब असते. त्याच ताणावर लांब तार जास्त दबते आणि बॉल उसळून बाहेर जातो. म्हणून ९८ ला ५२ पौंड ताण घालणाऱ्याने ११० ला तेवढेच घातले तर बॉल उडतोय अशी तक्रार येते आणि दोष रॅकेटवर जातो. दोन-चार पौंड वाढवून बघा, बरंच ताब्यात येतं.

दुसरं म्हणजे पॉली (पॉलिएस्टरची कडक तार) घालू नका. टीव्हीवरचे घालतात ते ठीक, त्यांचा स्विंग तसा असतो. हलकी कडक फ्रेम आणि वर कडक पॉली म्हणजे कोपरकाकांना विचारा. मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांची मऊ तार) घाला. नॅचरल गट, म्हणजे आतड्याची तार, परवडत असेल तर त्याहून उत्तम काही नाही, फक्त पावसाच्या थेंबापासून जपा.

तिसरं, तारेचा सेट साधारण १२ मीटरचा येतो. ११५ च्या डोक्याला तो जेमतेम पुरतो. कापण्याआधी मापून घ्या.

बॉलबॉय_एकेकाळी

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून दुसरी बाजू. जोरात मारणाऱ्या मुलासमोर ही रॅकेट घेऊन उभा राहिलो की हातात पंखा धरल्यासारखं वाटतं. त्याचा सर्व्ह आला की रॅकेटच मागे ढकलली जाते. आपण दिशा दिली बॅकहँडला, बॉल गेला मधोमध. आणि तो हावरट तिथेच उभा!

सर्व्हला मात्र हात झपकन फिरतो. दुसऱ्या सर्व्हला किक (टप्प्यानंतरची उसळी) चांगली मिळते, पहिल्याला वजन कमी पडतं.

क्लबमधल्या समवयस्कांबरोबर खेळत असाल तर प्रश्नच नाही.

तिसरा_सेट

इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय असं मला वाटतं. मोठं डोकं वेगळं आणि हलकं वजन वेगळं. आगासी १०७ च्या डोक्याने खेळायचा, सेरेना १०४ च्या. दोघांचे रिटर्न जगात नावाजलेले! पण त्यांच्या रॅकेट हलक्या नव्हत्या. मोठं डोकं आणि अंगात वजन, असं ते गणित होतं.

मग हलक्या रॅकेटनाच मोठं डोकं का देतात? तर वजन काढलं की रॅकेट हातात वळवळते. ती भरपाई रुंदीने करतात. मधल्या रेषेपासून फ्रेम जितकी लांब तितकी ती फिरायला विरोध करते, आणि हा विरोध अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून दीड-दोन सेंटिमीटर रुंदी वाढली तरी फरक जाणवतो. शिवाय बॅलन्स डोक्याकडे सरकवतात, म्हणजे एकूण वजन कमी असूनही बॉलच्या मागे थोडं वजन राहतं. सायली, दुकानात नुसता ग्रॅमचा आकडा बघू नकोस, बॅलन्स बघ. तर्जनीवर आडवी ठेवून तोल बघितला तरी कळतं.

जुनी_पानं

इतिहासात रस असणाऱ्यांसाठी. मोठ्या रॅकेटचा जनक हॉवर्ड हेड. आधी धातूच्या स्की बनवून नाव कमावलेला इंजिनिअर. निवृत्तीनंतर टेनिस शिकायला गेला, बॉल मधोमध लागेना, रॅकेट हातात फिरायची. त्याने प्रिन्स कंपनीत शिरून डोकंच मोठं केलं. १९७६ मध्ये ११० चौरस इंचांची अ‍ॅल्युमिनियमची रॅकेट बाजारात आली. लोक हसले, म्हातारी माणसं आणि नवशिके यांचं खेळणं म्हणाले. आणि १९७८ ला १६ वर्षांची पॅम श्रायव्हर तीच घेऊन यूएस ओपनच्या फायनलला! सेमीमध्ये नवरातिलोवाला हरवून. फायनल ख्रिस एव्हर्टने जिंकली, पण हसणं थांबलं.

पुढच्या दहा वर्षांत लाकडी रॅकेट जवळजवळ दिसेनाशीच झाली. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. ज्याला खेळता येत नव्हतं त्याच्या अडचणीतून सगळ्यांची रॅकेट बदलली.

बेसलाइनवाला

@जुनी_पानं भारी माहिती. आगासीचा विषय निघालाच आहे तर, तो डँपनरच्या (तारांत अडकवायच्या रबरी तुकड्याच्या) जागी रबरबँड बांधायचा. मी कॉलेजात असताना अख्ख्या ग्रुपने बांधले होते.

मृद्गंध

आमच्याकडे अजून एक जण बांधतो 😄 कपडे वाळत घातले. काय चाललंय इथे?

डँपनरने कोपराला फायदा होतो का हो?

गटिंगवाला

नाही. तारांची झणझण थांबते आणि आवाज बदलतो, बस. फ्रेमचा धक्का हातात तसाच येतो. आवाज आवडतो म्हणून लावायचा असेल तर लावा. मात्र जिथे उभ्या-आडव्या तारा एकमेकींना छेदतात त्याच्या बाहेरच, शेवटच्या आडव्या तारेखाली. आत लावला तर नियमात बसत नाही.

अनघा_७

खूप छान धागा. माझी मुलगी नऊ वर्षांची. माझी जुनी ११० ची अगदी हलकी आहे, ती दिली तर चालेल का? नवीन घेण्यापेक्षा.

तिसरा_सेट

नको. वजन हलकं असलं तरी लांबी २७ इंच किंवा जास्तच असेल. नऊ वर्षांच्या मुलीला २५ इंची पुरे, उंची कमी असेल तर त्याहून लहान. आणि बॉल नारिंगी ठिपक्याचा घ्या, नेहमीच्या बॉलपेक्षा निम्म्या वेगाचा असतो. रॅकेटपेक्षा त्याने जास्त फरक पडेल. आमच्या पुतण्याला पिवळ्या बॉलने रडू यायचं, नारिंगीवर रॅली करायला लागला.

अनघा_७

धन्यवाद दादा. नारिंगी बॉल माहीतच नव्हते. रडारड आमच्याकडेही आहे.

सांजवारा

माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले खेळा, पण डोक्यावरचं बेताने. सहा महिने कोर्टच्या बाहेर बसून दुसऱ्यांचे पॉइंट मोजले आहेत, तेव्हा रॅकेट परत हातात येणं म्हणजे काय ते विचारू नका. नवऱ्याने ११५ ची आणली, नेहमीपेक्षा पाऊण इंच लांब, पिसासारखी. सर्व्ह अर्ध्या स्विंगने करते, खालून ढकलल्यासारखा, तरी बॉल खोलवर पडतो. डबल्सच खेळते. स्लाइस (खालून कापून मारलेला फटका) मात्र तरंगत जातो, तो सोडूनच दिला.

जोरात मारणारे नाकं मुरडतात. मुरडू देत. मी कोर्टवर आहे!

सायली_स

सांजवारा, 🤗. हे वाचून डोळे भरले.

कोपरकाका

शाब्बास पोरी.

बॉलबॉय_एकेकाळी

सांजवारा, माझ्या प्रतिसादात नाकं मुरडलेली नाहीत हं. उलट आमच्या ग्रुपमधली सगळ्यात चिवट जोडी दोघीही मोठ्या रॅकेटवाल्या आहेत. त्यांच्याशी खेळताना पॉइंट संपतच नाही.

कोपरकाका, वजन चढवलं म्हणजे कुठे? टोकाला लावलं तर हात फिरेना होतो.

कोपरकाका

टोकाला नाही. डोकं घड्याळ समजून ३ आणि ९ वर, दोन्हीकडे दोन-दोन ग्रॅमची शिशाची पट्टी. ढळणं कमी होतं. बॅलन्स फार पुढे गेला असं वाटलं तर थोडं दांड्यात, ग्रिपखाली. एकदम सगळं लावू नये. दोन ग्रॅम लावा, आठवडाभर खेळा, मग पुढचं. शिसं आहे, हात धुवा, वरून टेप मारा. मुलं असतील त्या घरात टंगस्टनची पट्टी घ्यावी.

सायली_स

हे फार उपयोगी. म्हणजे अगदी अडीचशेची न घेता २७०-२८० च्या आसपास, १०५ ते ११० चं डोकं, मऊ तार, असं काहीतरी बघते. आणि घेण्याआधी कुणाची तरी मागून दोन सेट खेळेन.

तिसरा_सेट

बरोबर. आणि दोन सेट खेळताना फक्त रॅली करू नकोस. जोरात मारणाऱ्याला सर्व्ह करायला सांग आणि रिटर्न घे. सगळं तिथेच कळतं.

नवा_भिडू

स्पर्धेत चालतात का एवढ्या मोठ्या? आमच्याकडे एक जण म्हणाला बंदी आहे.

जुनी_पानं

बंदी वगैरे काही नाही. लांबी २९ इंचांपर्यंत, तारांचा भाग १५.५ इंच लांब आणि ११.५ इंच रुंद यापेक्षा मोठा नको, एवढंच. बाजारातल्या ११०-११५ त्यात सहज बसतात. त्याला सांगा.

नवा_भिडू

सांगतो. शनिवारी त्याच्याशीच मॅच आहे 🙂

मृद्गंध

सायली, माझी मागून ने गं, जवळ असशील तर. रविवारपर्यंत मला लागत नाहीये, पाहुणे आहेत.