आरएक्सचं मूळ सिलिंडर कानसायचं की नाही?

होटगी रोडकर
गेल्या रविवारी आमच्या सहा-सात जणांत चांगलंच वाजलं, म्हणून इथं मांडतो. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांची आपसात शर्यत लावायची, ट्रॅकचं भाडं वर्गणीतून द्यायचं, इथपर्यंत सगळ्यांचं जमलं. नियम लिहायला बसलो आणि १०० सीसीच्या गटावर गाडी अडली. सिलिंडरच्या पोर्टांना, म्हणजे भिंतीतल्या गॅस ये-जा करायच्या भोकांना, कानस लावू द्यायची का?

माझं मत, नाही. आपल्याकडे एस्कॉर्ट्सनं यामाहाची आरएक्स १०० काढली ती १९८५ ते १९९६. त्या वेळची सिलिंडरं जेवढी उरलीत तेवढीच. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिमीचा आहे, तो झिजला तर ०.२५, ०.५० असा वाढवून पुढचा पिस्टन घालता येतो. पण एकदा वर सरकवलेलं पोर्ट परत खाली येत नाही.

एक सिलिंडर मी स्वतःच्या हातानं वाया घालवलंय. एक्झॉस्टची वरची कड दीड मिमी वर नेली, डोळ्यांच्या अंदाजानं. नंतर आत टॉर्च धरला तर डावी बाजू उजवीपेक्षा वर! गाडी सात हजारांच्या खाली झोपलेली, वर गेली की एकदम उधळायची. त्यात पोर्टची धार मारायची राहून गेली होती. तिसऱ्याच रविवारी रिंग त्या कडेला अडकून तुटली. पिस्टनच्या डोक्यावर तुकड्यांचे ठोके असे उमटलेत, की जात्याला टाकी लावल्यासारखं दिसतं. तो पिस्टन अजून टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

म्हणून नियम असा हवा: पोर्ट आणि कार्ब्युरेटर मूळचे. जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मापून सोडणारं भोक), प्लग, हेड, सायलेन्सर ज्याचं त्यानं बघावं.

काळा धूर
रागावू नका मालक, पण भाकरी करपली म्हणून तवा फेकून देतो का कुणी?

फोर-स्ट्रोकवाला व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलतो. आपल्याकडे ना कॅम ना व्हॉल्व्ह. भिंतीतली भोकं हाच आपला कॅम. तीच हलवायची नाहीत तर ट्यूनिंग कशाचं करायचं, टाकीवरच्या स्टिकरचं?

पूर्व जर्मनीत झोपाउ गावात डीकेडब्ल्यूच्या जुन्या कारखान्यात एमझेड गाड्या बनायच्या. वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरनं तिथं पोर्ट, रोटरी डिस्क (मिश्रण आत सोडणारी फिरती चकती) आणि पोट फुगलेला सायलेन्सर यांवर वर्षानुवर्षं काम केलं. १९६१ साली त्याच्या १२५ सीसी इंजिनानं २५ हॉर्सपॉवर दिली. लिटरमागे २००, तीही सुपरचार्जर न लावता. त्याच वर्षी त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला, सुझुकीकडे गेला, आणि १९६२ ला सुझुकीनं ५० सीसीचं जागतिक अजिंक्यपद मारलं. अक्कल कुणाची होती ते समजून घ्या.

अजून एक गंमत. डीकेडब्ल्यूच्या आरटी १२५ वरून इंग्लंडात १९४८ ला बीएसए बँटम निघाली, आणि त्याच गाडीवरून जपानात १९५५ ला यामाहाची पहिली मोटरसायकल, वायए-१. म्हणजे तुमची आरएक्स आणि ती बँटम एकाच आजीच्या नाती. बँटम कारखान्यातून आली तेव्हा साडेचार हॉर्सपॉवरच्या आसपास होती. तिकडचे क्लबवाले आजही तिच्याच शर्यती लावतात, आणि ते काय मूळ पोर्ट पुजत बसलेले नाहीत.

मोजपट्टी
अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर आयुष्य गेलं, म्हणून दोघांनाही विचारतो: मोजलं कुणी?

क्रँकवर अंशांची चकती लावा. आरएक्सचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव, ५० मिमी. एक्झॉस्ट उघडतो त्या जागी पिस्टन जोरात पळत असतो, त्यामुळे पोर्ट एक मिमी वर नेलं तर उघडं राहण्याचा काळ साडेचार-पाच अंशांनी वाढतो. दीड मिमी म्हणजे सात अंश. होटगी रोडकर, तुम्ही डोळ्यांनी सात अंश मारलेत!

आणि पोर्ट हलवलं की सायलेन्सरचं गणितही हलतं. एक्झॉस्टमधून सुटलेली दाबाची लाट मागच्या शंकूवर आपटून परत येते, आणि पोर्ट मिटायच्या आत बाहेर निघालेलं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. पोर्ट १८० अंश उघडं असेल आणि जोर ९००० आरपीएमला हवा असेल, तर शंकूपर्यंतची लांबी साधारण ८५ सेंमी. १०००० ला हवा असेल तर ७६-७७. कानस मारून सायलेन्सर जुनाच ठेवलात तर लाट चुकीच्या वेळी पोचते, आणि तुम्ही मिस्त्रीला शिव्या घालता.

माझ्या गाडीत मी पोर्टला हात लावलेला नाही. प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार भिंतीला टेकेपर्यंत सरकवली, हळू किक मारून पिस्टन वर नेला, चेपलेली तार व्हर्निअरनं मोजली. पिस्टन आणि हेडमधली फट १.७ मिमी. हेड लेथवर धरून ०.९ वर आणलं. वळणातून बाहेर पडताना गाडी ओढते ते लगेच कळतं. आणि हेड बिघडलं तर दुसरं मिळतं.

कन्ना चौकातला
माझी गाडी नाही, मत आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात जन्मलेली माणसं आम्ही, पण तुमचं ट्यूनिंग रात्री अकराला आमच्याच गल्लीत का तपासून बघता बे?

काळा धूर
@कन्ना चौकातला, तो मी नाही. (एकदा होतो.)

@मोजपट्टी, डिसेंबरात ०.९ ठीक. मे महिन्यात आपल्या ४३ डिग्रीत ठिणगीचं टायमिंग जरा पुढं असलं की ठोका येतो, आणि पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यासारखी होते. हे बोला की.

मोजपट्टी
बरोबर. टायमिंग मागं घ्यायचं.

सात रस्ता
पोर्टावरनं भांडताय, पण आपल्यातल्या गाड्या बहुतेक वेळा मरतात जेटनं. माझंच सांगतो. गेल्या डिसेंबरात दुपारी ३२ डिग्रीत गाडी लावली. प्लग काळा येत होता म्हणून मेन जेट एक नंबर खाली आणला, मग मस्त तपकिरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला १४ डिग्रीत तीच गाडी, तोच जेट. थंडीत हवा साधारण सहा टक्के घट्ट होते, आणि पेट्रोल तेवढंच. दुसऱ्या फेरीत टॉप गिअरला इंजिनाचा आवाज पातळ झाला. मी मूर्ख, खूश झालो. तिथंच गाडी धरली, पिस्टन सिलिंडरात अडकला. क्लच दाबेपर्यंत मागचं चाक वीस फूट घासलं. उघडल्यावर पिस्टनवर चार ठिकाणी उभे ओरखडे.

ऑइलचा पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणाऱ्यांना अजून एक. भीतीपोटी ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, म्हणजे गाडी आणखी लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. ‘ऑइल तर भरपूर टाकलं होतं’ म्हणत डोकं धरून बसलेले लई बघितलेत.

जावाप्रेमी
२५० च्या गटाबद्दल कुणी बोलतच नाही. म्हैसूरच्या जुन्या जावाचं माप बोअर ६५, स्ट्रोक ७५ मिमी. लांब स्ट्रोक. आरएक्सचा पिस्टन ९००० ला जेवढा धावतो, सेकंदाला सरासरी १५ मीटर, तेवढा आमचा ६००० लाच धावतो. त्यामुळे पोर्ट वर नेऊन आरपीएम मागण्यात आम्हाला अर्थच नाही. आमची कानस चालते ती क्रँककेस आणि सिलिंडरच्या जोडावर, तिथं गॅस अडखळू नये म्हणून. तेवढी तरी चालू द्या. आणि नियमात पहिली ओळ ब्रेकची लिहा, पुढच्या ड्रमच्या लायनिंगची. इंजिनावर एवढे शब्द झाले, थांबण्यावर एक नाही.

होटगी रोडकर
ब्रेकचं मान्य, पहिली ओळ तीच. जावाचा जोड मान्य.

काळा धूर, काडेनचं सगळं खरं. पण त्याच्याकडे सिलिंडर ओतणारा कारखाना होता. एक बिघडलं तर दुसरं घ्यायचा. आपल्याकडे भंगारवाला आहे, आणि त्यालाही आता आरएक्सचा भाव कळलाय. शिवाय गिअर चारच. पॉवर आठ ते दहा हजारांत कोंबली तर गिअर टाकला की इंजिन त्याच्या खाली पडणार. आपल्या कुणाचा पाय एवढा चपळ आहे? बाजारात नवी डुप्लिकेट सिलिंडरं मिळतात, ती हवी तेवढी कोचरा. मूळ एस्कॉर्ट्सचं असेल तर नाही.

काळा धूर
आणि तपासणार कोण? शर्यतीच्या सकाळी सगळ्यांची हेडं उघडणार?

मोजपट्टी
पहिल्या तिघांची उघडू. चकती माझी, व्हर्निअर माझा, पाने तुम्ही आणा.

काळा धूर
पहिल्या तिघांत मी असणार, म्हणून आताच सांगतो, माझं सिलिंडर दोन वर्षांपूर्वीच कोचरलंय. मूळ आहे. मला बाहेर काढणार का?

होटगी रोडकर
आधीचं धरणार नाही. यापुढचं.

जावाप्रेमी
वा! म्हणजे ज्यानं आधीच कापलं तो नियमात, आणि ज्यानं जपलं तो मागं.

सात रस्ता
ते रविवारी बघू. कुणाकडे आरएक्सचा ०.५० चा पिस्टन पडून आहे का, रिंगांसकट? डुप्लिकेट नको.