जड पाण्यात दाढीच्या साबणाचा फेस रेझरच्या दुसऱ्या हाताला (फेरीला) टिकत नाही, उपाय हवाय

नमस्कार मंडळी,

साबण, ब्रश आणि डबल एज रेझरने (पात्याला दोन्हीकडे धार असते तो) दाढी करणाऱ्यांसाठी प्रश्न आहे, बाकीच्यांनीही सांगा, पण "सरळ डब्यातला फोम वापर" एवढा एक सल्ला कृपया देऊ नका कारण ही दाढी मला सोडायची नाहीये, दिवसातली तेवढी पंधरा-वीस मिनिटं माझी स्वतःची असतात.

माझं रूटीन असं. आंघोळ झाल्यावर लगेच दाढी, तोपर्यंत खुंट पाणी पिऊन मऊ पडलेले असतात. आंघोळीला जाताना ब्रश कोमट पाण्यात भिजत ठेवतो (डुकराच्या केसांचा आहे, न भिजवता वापरला तर नुसता टोचतो, आणि जितका जुना होतो तितकी टोकं फाटून मऊ होत जातात). मग पाणी झटकून साबणावर ब्रश फिरवायचा, आधी मोठे बुडबुडे येतात ते येऊ द्यायचे, मग वाटीत थेंब थेंब पाणी घालत घोटत राहायचं, हळूहळू बुडबुडे जातात आणि चकचकीत दाट फेस तयार होतो. तो गालावर गोल गोल फिरवताना जे बरं वाटतं ते सांगता येत नाही. नंतर रेझर साधारण ३० अंशात धरून, जोर अजिबात न लावता, नुसतं त्याचं वजन पडू द्यायचं, पहिला हात केसांच्या दिशेने, दुसरा आडवा. गळ्यावर उलटा हात मी मारत नाही, केस आत वाढतात. शेवटी गार पाणी आणि तुरटी. जिलेटला सेफ्टी रेझरचं पेटंट १९०४ साली मिळालं आणि पातळ पातं बदलून वापरायची ती युक्ती अजून तशीच चालतेय, मला याचं फार कौतुक वाटतं, चांगली वस्तू बदलावी लागत नाही.

आता अडचण. घर बदललं आणि इथलं पाणी जड आहे, नळांवर पांढरे थर चढतात. साबण तोच, ब्रश तोच, पण फेस वाटीत बरा दिसतो आणि चेहऱ्यावर लावला की दोन मिनिटांत विरतो, दुसऱ्या हाताला तर नुसता पांढरट पातळ चिकटा उरतो आणि पातं अडखळतं. गळ्यावर आग होते, तुरटी लावली की नेमकं कुठे सोललंय ते कळतंच. पात्याचा दोष नसावा, नवीन पातं टाकलं तरी तेच.

वाचून एवढं समजलंय की पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा न विरघळणारा साका होतो, म्हणजे साबणाचा बराच भाग फेस व्हायच्या आधीच संपतो. उकळून जडपणा थोडाच कमी होतो, सगळा जात नाही, म्हणून तो नाद सोडला. साबण दुप्पट घेतला तर थोडा फरक पडतो पण चेहरा नंतर कोरडा पडतो.

तर विचारायचंय असं की फक्त फेसापुरतं आरओचं पाणी कोमट करून कोणी वापरतं का, आणि तेव्हा ब्रशही त्याच पाण्यात भिजवावा लागतो की ब्रश नळाच्या पाण्यात भिजवून झटकला तरी चालतं? दुसरं, सायट्रिक ॲसिड चिमूटभर टाकतात असं ऐकलंय, पण ॲसिड जास्त झालं तर साबणच फुटतो, मग वाटीभर पाण्याला नेमकं किती? सोडियम सायट्रेट (त्याच ॲसिडचा क्षार) कोणी वापरून बघितलंय का? आणि ब्रशच्या केसांत तो साका बसत असेल तर ब्रश खराब न होता तो कसा काढायचा, हे तर नक्की सांगा, ब्रश माझा फार लाडका आहे.

ज्यांच्याकडे पाणी असंच जड आहे आणि तरी साबणाने दुसऱ्या हातापर्यंत फेस टिकतो त्यांनी साबण, पाणी, घोटायचा वेळ सगळं सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.